सेल काढण्याआधी सेव्ह काढून घ्या

'माझ्या जुन्या गेम बॉयवरच्या पोकेमॉन सिल्व्हर गेमचं घड्याळ रोज चुकतंय, पण जुना सेव्ह (साठवलेला खेळ) अजून उघडतोय. आतला सेल बदलू की सरळ एम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जाऊ?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि आधी लिहायलाच बसलो. कृपा करून आज कार्ट्रिज, म्हणजे गेमची ती कॅसेट, उघडू नका.

माझ्याकडे पोकेमॉन गोल्ड होतं. त्यातल्या सिंडाक्विल या पोकेमॉनला धाकट्या भावानं 'बंड्या' नाव दिलेलं. घड्याळ बंद पडलं म्हणून ते एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. 'सेव्ह राहील ना?' असं दोनदा विचारलं, 'राहील' म्हणाला. परत आणून लावलं, तर मेनूत 'कंटिन्यू' नाहीच, फक्त 'न्यू गेम'. जाब विचारला तर म्हणे, सेल नवा आहे, बघा, चालतोय की! नंतर कळलं की नंतरच्या पोकेमॉन रुबी-सफायरमध्ये सेल फक्त घड्याळासाठी असतो, सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतो, तिला सेल लागत नाही. गोल्ड-सिल्व्हरमध्ये मात्र दोन्ही त्या एका सीआर२०२५ सेलवर. सेल निघाला की सेव्ह गेला. माहीत नव्हतं तर तसं सांगायचं होतं, याचा राग अजून जात नाही. पण बॅकअप न घेता कार्ट्रिज हातात देणारा मीच.

म्हणून आधी कार्ट्रिज वाचणारं यूएसबी रीडर मिळवा, विकत किंवा उसनं. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि सेव्ह उतरवून घ्या. फाइल ३२ केबीची येते, घड्याळाची नोंद धरून किंचित मोठी. ती एमजीबीए या एम्युलेटरमध्ये उघडून तुमची टीम दिसतेय का ते बघा. मगच सेल. धातूच्या पत्र्या आधीच जोडलेला सेलच घ्या, साध्या सेलवर थेट सोल्डरिंग नको, तापून फुटू शकतो. कन्सोल चालू ठेवून सेल बदलणारेही आहेत, मी तो सल्ला देणार नाही. नंतर तीच फाइल रीडरनं परत कार्ट्रिजवर चढवता येते.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही आणि रॉमबाबतचे (गेमच्या कॉपी केलेल्या फाइलबाबतचे) कायदे देशोदेशी वेगळे, तेवढं तुम्ही बघा. पण विचाराल तर आरपीजी, म्हणजे पोकेमॉनसारखे पात्र वाढवत नेण्याचे गेम, मी आता एम्युलेटरवरच खेळतो, स्वतःच्या कार्ट्रिजमधून उतरवलेल्या सेव्हवर. अचूक वेळेला उडी मारायच्या गेम मात्र जुन्या कन्सोलवर, सीआरटी (जुन्या, पिक्चर ट्यूबच्या) टीव्हीला जोडून. बरेच एलसीडी टीव्ही जुन्या कन्सोलच्या २४०पी सिग्नलला ४८०आय हा वेगळाच सिग्नल समजतात, चित्र फिसकटतं आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते. गेम मोड लावून थोडा फरक पडतो. 'डक हंट' या नेमबाजीच्या जुन्या गेमची बंदूक तर एलसीडीवर चालतच नाही.

फाइल निघाली की तिचा आकार कळवा. शून्य केबी आली तर पिना पुन्हा पुसा, सेलला हात लावू नका.