परक्या मैदानात लाल गर्दी

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकतो. आइस हॉकी बघायला हार्वर्डला निघालाय, म्हणे लाल स्वेटर हवाच. दुसऱ्याच्या मैदानावर एवढा उत्साह कशाला? – एक मावशी, सांगली

उत्तर : मावशी, स्वेटर बिनधास्त पाठवा. कॉर्नेलचं घरचं मैदान इथाकातलं लायना रिंक. तिथून हार्वर्डचं बोस्टन म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता. पण हार्वर्डच्या रिंकवर ही मंडळी एवढी जमतात की तिला ‘लायना ईस्ट’च म्हणतात. लाल हा कॉर्नेलचा रंग, म्हणून सामन्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रगीतात ‘रेड’ (लाल) शब्द आला की सगळे मिळून तो ओरडतात. पाहुण्यांनी यजमानांच्या घरात असं ओरडावं! मला हा आगाऊपणा मनापासून आवडतो. गोल झाला की समोरच्या गोलकीपरला ‘चाळणी’ म्हणून चिडवणं ठरलेलंच.

खरी गंमत घरच्या सामन्यात. सांगतात ते असं : 1973 साली हार्वर्डवाल्यांनी कॉर्नेलच्या शेतकी कॉलेजला हिणवायला बर्फावर कोंबडी टाकली. बोस्टन पडलं मासळीचं बंदर, तेव्हा कॉर्नेलने उत्तर माशांनी दिलं. अजूनही हार्वर्डचे खेळाडू उतरले की मासे पडतात. मी गेले होते तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलाने जॅकेटच्या अस्तरातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मासा काढला. वास आधी आला, मासा नंतर दिसला. पंच यासाठी यजमान संघालाच दंड देऊ शकतात, म्हणजे एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर. एवढं भाच्याच्या कानावर घाला.