इंजिनाची टकटक कळते, बायकोची हाक कळत नाही

(श्रवणतज्ज्ञांना विचारा : या वेळची प्रश्नोत्तरे)

मी मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर २२ वर्षं इंजिन सांभाळतो. चालत्या इंजिनात बारीक टकटक सुरू झाली की मला पहिल्यांदा कळते, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, पत्ताही नसतो. पण घरी मागीलदारातून बायको हाक मारते ती कळत नाही. ती म्हणते, मुद्दाम करतोस. खरं काय?

अर्धी साक्ष तुमच्या बाजूने देतो, अर्धी वहिनींच्या.

आवाज कानातून मेंदूकडे जातो, एवढंच आपण शाळेत शिकलो. पण मेंदूकडून खाली कानाकडेही तंतू येतात. १९४६ मध्ये रासमुसेन या शास्त्रज्ञाने मेंदूच्या खोडातून थेट आतल्या कानापर्यंत उतरणारा असा जुडगाच दाखवून दिला. खाडीसारखंच म्हणा, फक्त खाडीत एका वेळी भरती नाहीतर ओहोटी, इथे दोन्ही एकदम चालू. आतल्या कानात केसपेशींची (केसांसारखे बारीक तंतू असलेल्या, आवाज टिपणाऱ्या पेशींची) एक रांग असते, सुमारे ३,५०० पेशींची. ती ऐकलेलं वर कळवते. तिच्या बाहेरच्या बाजूला आणखी सुमारे १२,००० पेशी असतात. त्यांचं मुख्य काम बारीक आवाज वाढवून देण्याचं, आणि ‘जरा दमानं’ हा मेंदूचा हुकूम मुख्यतः त्यांनाच येतो. त्याच्याही वर, मेंदूच्या सालीपासून (बाहेरच्या थरापासून) मधल्या टप्प्यांपर्यंत असे उतरते रस्ते आहेत. कुठला आवाज उचलायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे सवयीने ठरत जातं. भर समुद्रात इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती टकटक तुमच्या मेंदूने पाठ केली. तुमचे कान तांडेलापेक्षा चांगले आहेत असं नाही, ते शिकलेले आहेत.

आता वहिनींची बाजू. इंजिनाच्या गोंगाटाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे. स, श यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली आणि स्वरांपेक्षा हलकी. त्यामुळे हाक येते, शब्द येत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. इंजिनाजवळ कानावर मफ (आवाज अडवणारी कानझाकणं) घाला. सुरुवातीला इंजिन परकं वाटेल, काही फेऱ्यांनी मफमधूनही टकटक ओळखू येईल. तपासणी मासेमारी बंदीत, म्हणजे जून-जुलैमध्ये करा. बोट किनाऱ्यावर, कान विसावलेले, त्यामुळे ऐकण्याचा आलेख खरा येतो. (फक्त धो धो पावसात येऊ नका. माझ्या पत्र्यावर सर कोसळली की मीच चाचणी थांबवतो.)

मी मालवणची निवृत्त शिक्षिका. आठ दिवसांपूर्वी श्रवणयंत्र घेतलं. आता माडाच्या झावळ्या, ताटल्यांचा खणखणाट, स्वतःच्या चपला, सगळं डोक्यात जातं. यंत्र टेबलाच्या खणात ठेवलंय. परत करू का?

बाई, खणात ठेवलेल्या यंत्राची सवय फक्त खणाला होते.

वर्षानुवर्षं तुमच्या मेंदूला झावळ्या ऐकूच येत नव्हत्या. आता त्या आल्या, आणि त्या बिनमहत्त्वाच्या आहेत हे त्याला नव्याने ठरवायचंय. याला आठवडे लागतात, आणि यंत्र कानात असेल तरच. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१० मधला एक प्रयोग मला फार आवडतो. फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या एका कानात बोळा घातला की आवाज कुठून येतो हे त्याला नीट कळेनासं होतं, पण सरावाने तो ते पुन्हा शिकतो. मात्र मेंदूच्या सालीकडून मध्यमेंदूकडे उतरणारे तंतू आधी नष्ट केलेले असतील तर शिकत नाही. गंमत म्हणजे अशा प्राण्यांना उघड्या कानांनी दिशा नीट कळत होती. म्हणजे ते तंतू रोजच्या ऐकण्याला लागत नव्हते, नव्याने शिकायला लागत होते. तुमचे तंतू शाबूत आहेत, त्यांना काम द्या.

पहिले चार दिवस घरातच, दोन-तीन तास. पेपर मोठ्याने वाचा, स्वतःचा आवाज ओळखीचा होऊ द्या. मग एका माणसाशी बोला, मग बाजारात जा. लग्नाचा मांडव सगळ्यात शेवटी. ताटल्यांचा आवाज बोचतच राहिला, कानात दुखलं, तर यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला या. ते सोसत बसायचं नाही.

कुडाळ : भजनात पखवाज वाजवणाऱ्यांना गर्दीतलं बोलणं जास्त चांगलं कळतं, हे खरं का?

तसं दाखवणारे अभ्यास गाजले होते. नंतरच्या मोठ्या तपासणीत, मेंदूच्या खालच्या टप्प्यांवर तरी, वादक आणि बाकीचे यांच्यात तसा फरक सापडला नाही. पखवाज आवडतो म्हणून वाजवा. डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) कर्ण्यासमोर बसू नका, एवढं मात्र नक्की.

गुहागर : नातू अमेरिकेत जन्मला, पाच वर्षांचा आहे. ‘ताट’ला ‘टाट’ म्हणतो. जीभ जड आहे का?

आजी, बहुधा जीभ नाही, कान. १९८४ मध्ये वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच दोन आवाज ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, वर्षाच्या आसपास जवळजवळ कुणालाच नाही. इंग्रजीला तो फरक लागत नाही, म्हणून मेंदू तो सोडून देतो. तरी दार बंद होत नाही, मोठी माणसंही सरावाने शिकतात. नुसता व्हिडिओ लावून देऊ नका. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांनी चिनी आवाज समोर बसलेल्या माणसाकडून उचलले होते, पडद्यावरून नाही.

गणपतीला आला की ओटीवर बसायचा पाट ठेवा, शेजारी कांद्याची पात. तुम्ही ‘पात’ किंवा ‘पाट’ म्हणायचं, त्याने बोट दाखवायचं. बरोबर की चूक ते लगेच सांगायचं. म्हणायला लावायची घाई नको, आधी बोट बरोबर जागी जाऊ दे.