मोफत व्हीपीएन, पोलिसांची नोटीस आणि लॅपटॉप फॉरमॅट करण्याचा सल्ला

प्रश्न : कौटुंबिक न्यायालयात माझे प्रकरण सुरू असून मी नाशिकला वडिलांकडे राहते. माझ्या ऑनलाइन व्यवहारांवर पती लक्ष ठेवतात अशी शंका आल्यामुळे मी लॅपटॉपवर टॉर ब्राउझर आणि एक मोफत व्हीपीएन ही इंटरनेटवरील आपली ओळख झाकणारी साधने वापरू लागले. घरचे ब्रॉडबँड वडिलांच्या नावावर आहे. त्यांचे वय ६७ आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या नावे परराज्यातील सायबर पोलिसांची नोटीस आली. आधी ती व्हॉट्सअॅपवर आली, मग स्थानिक ठाण्याचा शिपाई कागद देऊन गेला. एका ऑनलाइन फसवणुकीत आमच्या कनेक्शनचा आयपी पत्ता (इंटरनेटवर कनेक्शन ओळखणारा क्रमांक) आढळला, असे तीत म्हटले आहे. नातेवाईक म्हणतात की व्हीपीएन वापरणेच बेकायदा आहे, तेव्हा लॅपटॉप ताबडतोब फॉरमॅट कर आणि घरात असे काही नव्हतेच म्हणून सांग. मी काय करावे? आणि ही साधने यापुढे वापरू की नको?

उत्तर : लॅपटॉप फॉरमॅट करू नका. बाकीचा सल्ला सावकाश वाचलात तरी चालेल, पण एवढे आजच पाळा.

आपण आजवर जे केले आहे, त्यात आपण सांगता त्यावरून मला कोणताही गुन्हा दिसत नाही. नोटीस हाती आल्यानंतर लॅपटॉपवरील माहिती नष्ट केलीत, तर मात्र गुन्हा घडू शकतो. पुरावा म्हणून सादर करावा लागेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तो सादर होऊ नये या हेतूने नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे, आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करण्याबाबत कलम २३८ वेगळे आहेच. शिवाय हा लॅपटॉप आपल्या विरोधातला पुरावा आहे असे नातेवाईक गृहीत धरत आहेत. माझ्या मते तो आपल्या बाजूचा एकमेव साक्षीदार ठरण्याची शक्यता अधिक आहे. ‘घरात असे काही नव्हतेच’ हे वाक्य तर वडिलांच्या जबाबात चुकूनही जाऊ देऊ नका. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र अपराध आहे, आणि एकदा खोटे सिद्ध झाले की पुढचे खरेही कोणी मानत नाही.

व्हीपीएन किंवा टॉर ब्राउझर वापरण्याला सामान्य नागरिकास मनाई करणारा केंद्राचा कायदा नाही. गैरसमज पसरला तो बहुधा २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ब खाली काढलेल्या निर्देशांमुळे. त्या निर्देशांचे ओझे सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांवर आहे : ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण ही माहिती त्यांनी ठेवायची आणि ग्राहकाने सेवा सोडल्यावरही किमान पाच वर्षे जपायची. अनेक परदेशी कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून घेतले, आणि पुण्यातील एका होस्टिंग कंपनीने या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ग्राहकावर यातून बंदी येत नाही. अपवाद स्थानिक आदेशांचा आहे : जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली व्हीपीएनला मनाई केलेली आहे, आणि असा आदेश लागू असताना तो मोडल्यास न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. नाशिकमधील आपल्या वापराला हे लागू नाही.

उलट, खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असलेला मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले आहे. घरातल्याच माणसाच्या पाळतीपासून स्वतःला वाचवू पाहणाऱ्या स्त्रीने आपली ऑनलाइन ओळख झाकली, तर तिला त्याबद्दल कोणापुढे ओशाळण्याचे कारण नाही. कायदा ज्या ठिकाणी रेघ ओढतो ती वेगळी आहे. स्वतःचे नाव न सांगणे हा अपराध नाही. दुसऱ्याचे नाव, छायाचित्र, पासवर्ड किंवा ओळखपत्र वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६क आणि ६६ड खालचा अपराध ठरू शकतो, मग तो टॉरमधून केलेला असो वा साध्या ब्राउझरमधून.

आता मूळ प्रश्न : गुन्हा दुसऱ्याने केला, तर त्यात पत्ता आपल्या घराचा कसा आला?

आपल्या पत्रातील ‘मोफत’ या शब्दापाशी मी थांबलो. मोफत व्हीपीएनमध्ये असा एक प्रकार आहे, की तो आपली वाहतूक दुसरीकडून वळवतो आणि त्याच वेळी परक्या लोकांची वाहतूक आपल्या घरच्या कनेक्शनमधून बाहेर सोडतो. २०१५ मध्ये ‘होला’ या लोकप्रिय मोफत सेवेबद्दल हेच उघड झाले. वापरकर्त्यांची बँडविड्थ दुसऱ्या नावाने विकली जात होती. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे उद्ध्वस्त केल्याचे जाहीर केले. ‘मास्कव्हीपीएन’ आणि ‘ड्यूव्हीपीएन’ यांसारख्या मोफत अॅप्समधून लोकांच्या संगणकांत शिरून १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते त्या टोळीने गुन्हेगारांना भाड्याने दिले होते. ज्यांच्या घरातून हे घडले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपले अॅप त्याच जातीचे आहे असे तपासणीशिवाय मी म्हणणार नाही, पण तपासाची पहिली दिशा हीच असायला हवी.

टॉर ब्राउझरवर मात्र मला संशय नाही. तो आपली वाहतूक तीन टप्प्यांतून नेतो आणि संकेतस्थळाला शेवटच्या टप्प्याचा पत्ता दिसतो, आपल्या घराचा नव्हे. आणि तो नुसता वापरल्याने आपला संगणक इतरांसाठी बाहेर पडण्याचा दरवाजा होत नाही. त्यासाठी ‘एक्झिट रिले’ मुद्दाम उभारावा लागतो. कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर तसे काही बसवले असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही तपासणीत दिसेल.

आणखी दोन शक्यता वकिलाने आवर्जून मांडाव्यात, कारण त्या कागदावरच तपासता येतात. मोबाइल कंपन्या आणि बरेच ब्रॉडबँड पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना देतात. तेव्हा पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ दिल्याशिवाय कोणता ग्राहक हे ठरत नाही. दुसरी वेळेची. परदेशी कंपन्या बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंदी देतात, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते, आणि हा फरक न धरता चौकशी केली तर नोटीस भलत्याच घरी जाते. म्हणून नोटिशीच्या उत्तरात आयपी पत्ता, पोर्ट, दिनांक, वेळ आणि प्रमाणवेळ यांचा तपशील लेखी मागा. घरच्या वायफायचा पासवर्ड शेजारी किंवा भाडेकरू यांना दिलेला असल्यास तेही खरे ते सांगा.

नोटीस खरी आहे का, हे आधी पाहा. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीमुळे ही खबरदारी आवश्यक झाली आहे. नोटिशीवर छापलेल्या क्रमांकावर फोन न करता त्या ठाण्याचा क्रमांक अधिकृत स्रोतातून मिळवा आणि गुन्हा क्रमांक व तपास अधिकाऱ्याचे नाव पडताळा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. प्रकरण मिटवण्यासाठी फोनवरून पैसे मागितले गेले, तर तो पोलीस नाही असे समजून १९३० वर तक्रार करा. आपल्याकडे स्थानिक ठाण्याचा शिपाई कागद घेऊन आला, त्या अर्थी नोटीस खरी असावी.

मग ती कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ असेल, तर दस्तऐवज किंवा उपकरण सादर करण्याची मागणी आहे. कलम १७९ असेल, तर वडिलांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्या कलमाखाली साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला राहत्या ठिकाणाव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, तेव्हा ६७ वर्षांच्या गृहस्थांनी परराज्यात धावत जाण्याची गरज नाही. जबाब घरी घ्यावा, असे लेखी कळवावे. कलम ३५(३) असेल, तर त्यांच्यावर संशय आहे असा अर्थ होतो आणि हजर राहणे बंधनकारक आहे. नोटिशीचे पालन होत राहिले तर, अधिकाऱ्याने अटकेची गरज कारणांसह नोंदवल्याशिवाय, अटक होऊ नये अशी त्याच कलमाची रचना आहे. ही नोटीस व्हॉट्सअॅपवरून बजावणे वैध नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तरी कागद हाती पडला असल्याने तांत्रिक मुद्द्यावर विसंबून गैरहजर राहू नका. या तिसऱ्या परिस्थितीत वकिलाला सोबत घ्याच, आणि कलम ४८२ खालील अटकपूर्व जामिनाचा विचार त्याच्याकडून करून घ्या.

लॅपटॉपचे काय करायचे? तो इंटरनेटपासून तोडा, बंद करा आणि तसाच ठेवा. व्हीपीएन अॅप काढून टाकू नका, ‘क्लीनर’ चालवू नका. अॅप केव्हा आणि कोठून घेतले, हे आठवणीप्रमाणे तारखेसह लिहून ठेवा. त्याच्या पानाची आणि अटींची छायाचित्रे मोबाइलवर काढा, कारण अशी अॅप्स एका रात्रीत दिसेनाशी होतात. राउटरच्या नोंदींची छायाचित्रे घ्या, आणि त्यानंतरच वायफाय व राउटरचे पासवर्ड बदला. शक्य असेल तर सायबर तज्ज्ञाकडून हार्ड डिस्कची फॉरेन्सिक प्रत (जशीच्या तशी तंतोतंत नक्कल) आणि तिचे हॅश मूल्य (माहितीत जराही बदल झाला तर बदलणारा, ठशासारखा अंक) काढून घ्या. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राला त्या मूल्याचा आधार लागतो. अॅपनेच आपल्या कनेक्शनचा गैरवापर केल्याचे दिसले, तर नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात आपण स्वतः लेखी तक्रार द्या. संशयितापेक्षा तक्रारदार म्हणून नोंद आधी झालेली बरी.

पोलिसांनी लॅपटॉप ताब्यात घेतला, तर पंचनाम्यात त्याचा अनुक्रमांक आणि हॅश मूल्य नोंदवण्याचा आग्रह धरा. जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार व्हायला हवे. कौटुंबिक खटल्यासंबंधी आपल्या वकिलांशी झालेला पत्रव्यवहार त्यात आहे आणि त्याला कायद्याचे संरक्षण आहे, हे त्याच वेळी लेखी नमूद करा. पासवर्डबाबत न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयीन आदेशाशिवाय सक्ती नको असे म्हटले, पण आदेश असल्यास पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असेही म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खटला चालू असताना आरोपीवर अशी सक्ती करता येत नाही असा कौल दिला. आपल्या बाबतीत माझे मत असे, की पासवर्ड तोंडी सांगून मोकळे होऊ नये. खासगी फायलींबाबतची हरकत नोंदवून, वकिलांच्या उपस्थितीत तपासणीला सहकार्य द्यावे. अॅपचा दोष त्याच तपासणीतून दिसणार आहे.

ही साधने सोडावीत का? सोडू नयेत, पण त्यांच्याकडून नेमके काय मिळते ते ओळखून वापरावीत. व्हीपीएनमुळे आपण काय पाहता हे इंटरनेट पुरवठादाराला दिसेनासे होते आणि व्हीपीएन कंपनीला दिसू लागते; विश्वास फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जातो. म्हणून जिचे उत्पन्न ग्राहकांच्या वर्गणीतून येते आणि जिची तपासणी बाहेरच्या संस्थांनी केली आहे, अशीच सेवा घ्यावी, नाही तर घेऊच नये. टॉर ब्राउझर फक्त टॉर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, त्याला वेगळी एक्स्टेन्शन जोडू नका आणि त्यातून टोरंट चालवू नका. उतरवून घेतलेले दस्तऐवज इंटरनेट चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडू नका, कारण ते आपला खरा पत्ता बाहेर सांगू शकतात. शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाला एन्क्रिप्ट न केलेली वाहतूक वाचता येते, म्हणून ‘एचटीटीपीएस’ नसलेल्या पानावर काहीही भरू नका. आपण टॉर वापरता ही गोष्टही पुरवठादाराला दिसते, मजकूर तेवढा दिसत नाही. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी पाठवणारा विद्यार्थी याच कारणाने सापडला : धमकीच्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यातून टॉर वापरणारे मोजकेच होते. बँकेचे व्यवहार नेहमीच्या ब्राउझरमधून, व्हीपीएन बंद ठेवून करा. अनोळखी देशातला पत्ता दिसला की बँक खाते अडवू शकते.

आपल्या मूळ भीतीला मात्र यातले कोणतेच साधन पुरे पडणार नाही. पतीकडे आपल्या ईमेलचा पासवर्ड असेल, किंवा फोनवर पाळत ठेवणारे अॅप असेल, तर वाहतूक कितीही झाकली तरी त्यांना सर्व दिसत राहील. तेव्हा ज्याला त्यांचा हात कधी लागलेला नाही अशा उपकरणावरून ईमेलचे पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि खात्यात इतर कोणती उपकरणे नोंदलेली आहेत ती पाहून काढून टाका. काढण्याआधी त्या यादीचे छायाचित्र घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ सह ६६ खालचा अपराध ठरू शकत असल्यामुळे, ते चित्र कौटुंबिक खटल्यातही आपल्या वकिलांना उपयोगी पडेल.

वकिलाचा खर्च झेपणारा नसेल, तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना नोटिशीची प्रत, ब्रॉडबँडची बिले, अॅपविषयी लिहून ठेवलेले टिपण आणि कौटुंबिक प्रकरणाचा क्रमांक सोबत न्या. नोटिशीतील मुदत संपण्यापूर्वी, वडिलांच्या सहीचे आणि फक्त खात्रीच्या गोष्टी सांगणारे उत्तर नोंदणीकृत टपालाने तसेच ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवून त्याची पोच जपून ठेवा.