लाल झेंडा की निळा? कराटेतल्या काताच्या जजिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

डिसेंबर-जानेवारी आला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये मॅट टाकलेली असते, आणि सोमवारपासून माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. यावेळी जवळजवळ सगळे कातावरच आलेत, म्हणजे ठरलेल्या हालचाली एका क्रमाने करून दाखवण्यावर. साहजिक आहे, कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, निदान पंच लागला की नाही हे दिसतं तरी, कातात समोर कोणीच नसतं, हवेत मारायचं असतं, त्यामुळे हरलेल्याला कायम वाटतं की आपल्यावर अन्याय झाला. आणि कधीकधी तो खरंच झालेला असतो.

प्रश्न : नमस्कार सर, माझी मुलगी नऊ वर्षांची, ऑरेंज बेल्ट. परवाच्या स्पर्धेत दुसऱ्या राउंडला 2-1 ने हरली. नंतर कळलं की समोरची मुलगी आयोजकांच्याच क्लासची होती आणि तीन जजपैकी एक तिचेच सर होते. मुलगी रडली नाही, घरी येऊन मीच रडले. तक्रार करायची का, आणि केली तर कुणाकडे?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, प्रत्येक जज लाल किंवा निळा झेंडा वर करून एक मत देतो, त्यामुळे 2-1 म्हणजे एका झेंड्याचा खेळ, आणि त्यातला एक झेंडा घरचाच होता. तो बाजूला काढला तर उरतं 1-1, किंवा अगदी 0-2 सुद्धा असू शकतं, कारण कुणी कुणाला दिला हे तुम्ही लिहिलेलं नाही. काही सर उलट स्वतःच्या मुलांना मुद्दाम देत नाहीत, कोणी बोलायला नको म्हणून, आणि तोही त्या पोरीवर अन्यायच की.

मी त्या सरांना लबाड म्हणणार नाही. तीन वर्षं ज्या मुलीला आपण शिकवलंय तिचा काता बघताना डोळ्यासमोर जे चाललंय ते कमी दिसतं आणि क्लासमध्ये ती जे करते ते जास्त दिसतं, पाय अर्धा पडला तरी मन तो पूर्ण करून घेतं. म्हणून माणूस कितीही सरळ असला तरी त्याने तिथे बसायचंच नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्पर्धकाच्या देशाचा जज टाळतात तो याचसाठी. आपल्याकडे प्रत्येक जज कुणाचा ना कुणाचा सर असतोच, हे मान्य, पण आपली विद्यार्थिनी मॅटवर आली की उठायचं आणि शेजारच्या मॅटवरच्या जजबरोबर जागा बदलायची, याला अर्धा मिनिट पण लागत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर आता उशीर झालाय. तक्रार करायची ती तिथल्या तिथे, पुढची बाऊट, म्हणजे पुढच्या जोडीचा सामना, सुरू व्हायच्या आत, आणि पालकांनी नाही तर तुमच्या कोचनी, चीफ जजकडे किंवा आयोजकांच्या टेबलावर. ‘माझी मुलगी चांगली करत होती’ ही तक्रार कोणी घेणार नाही, मोठ्या स्पर्धांच्या नियमातसुद्धा जजच्या मतावर तक्रार चालत नाही, पद्धत चुकली तरच चालते. म्हणजे चुकीचं नाव पुकारलं, झेंडे मोजताना चूक झाली, ठरलेला काता एक आणि केला दुसरा तरी जिंकवलं, असलं काही. तुमचा मुद्दा पद्धतीचाच आहे, म्हणून टिकला असता. पुढच्या वेळी एंट्री भरतानाच कोचना विचारायला सांगा की स्वतःच्या मुलांच्या बाऊटला जज उठणार का. ‘बघू’ असं उत्तर आलं तर एंट्री फी वाचवा.

प्रश्न : सर, मी पहिल्यांदाच इंटरक्लास काता स्पर्धा घेतोय. कळवा, मुंब्रा, दिवा धरून साधारण 120 मुलं, दोन मॅट, हॉल दुपारी तीनपर्यंतच मिळालाय. जज जेमतेम सहा. झेंडे ठेवू की पॉइंट? एकजण म्हणतो पॉइंट मॉडर्न आहे.
— एक कोच, कळवा

उत्तर : तीन-तीन जज असतील तर डोळे झाकून झेंडे ठेवा. का ते आकड्यात सांगतो. समजा अ आणि ब अशी दोन मुलं आहेत. दोन जजना अ आवडला, त्यांनी त्याला 7.2 दिले आणि ब ला 7.0. तिसऱ्याने अ ला 6.6 आणि ब ला 7.4. बेरीज करा, अ चे 21.0 आणि ब चे 21.4. म्हणजे तिघातल्या दोघांना अ चांगला वाटला आणि जिंकला ब, कारण एका माणसाचा हात सैल होता. हेच झेंड्यांवर 2-1 ने अ जिंकला असता. झेंड्यात कोणाला कितीही पुळका आला तरी त्याचं मत एकच. पॉइंट द्यायचेच असतील तर पाच जज पाहिजेत, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा उडवायचा आणि मधले तीन धरायचे.

टोकियो ऑलिम्पिकला, जे 2021 मध्ये झालं, सात जज होते. टेक्निकलला 70 टक्के, अॅथलेटिकला 30 टक्के, आणि दोन्हीत वरचे दोन, खालचे दोन आकडे उडवलेले. महिलांची फायनल स्पेनच्या सांद्रा सांचेझने 28.06 वर जिंकली आणि जपानची कियोऊ शिमिझू 27.88 वर हरली, फरक फक्त 0.18 चा. एवढा बारीक फरक करायला तसे ट्रेन केलेले सात जज लागतात, आपल्याकडे सकाळी आठला स्टेशनवरून रिक्षाने उचलून आणलेले तीन.

वेळेचा हिशोब. समजा बारा-बारा मुलांचे दहा गट केले, तर नॉकआउटला प्रत्येक गटात अकरा बाऊट म्हणजे एकूण 110. नाव पुकारणं, रेई (वाकून नमस्कार), काता, झेंडे मिळून अडीच मिनिटं धरली तर 275 मिनिटं, दोन मॅटवर अडीच तास सुद्धा नाही. पण हे कागदावर. प्रत्यक्षात माइक बिघडतो, कोणाचा लाल बेल्ट सापडत नाही, नगरसेवक उद्घाटनाला उशिरा येतात. नऊला सुरू करायचं असेल तर भाषणं मेडलच्या वेळी ठेवा. आणि रविवार असणार म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक आलाच, तो आधी बघून घ्या आणि त्याप्रमाणे रिपोर्टिंग टाइम द्या. तीनदा पुकारून आला नाही की बाद हा नियम बरोबरच आहे, पण दिव्याची सहा पोरं गाडीत अडकलीत आणि तुमच्या क्लासची सहा समोरच्या सोसायटीतून चालत आलीत, तर तो नियम कागदावर सारखा आणि हॉलमध्ये एकतर्फी.

खरी गडबड ड्रॉमध्ये होते, याकडे कोणी बघतच नाही. झेंड्यांची मोठी खोट ही की गटातली सगळ्यात चांगली दोन मुलं पहिल्याच राउंडला भिडली तर त्यातलं एक मिनिटभरात घरी. एका क्लासची मुलं ड्रॉच्या वेगवेगळ्या टोकांना टाका, म्हणजे ती आपापसात लवकर कापली जाणार नाहीत. बारा मुलं सोळाच्या ड्रॉमध्ये बसवली की चार बाय येतात, म्हणजे चार मुलं पहिला राउंड न खेळताच पुढे जातात, आणि ते चार बाय आयोजकांच्याच मुलांना कसे काय मिळतात हे कोडं मला वीस वर्षांत सुटलेलं नाही. चिठ्ठ्या टाका, आदल्या दिवशी, बाहेरच्या दोन कोचना समोर बसवून, आणि ड्रॉचा फोटो सगळ्यांना पाठवून द्या. त्यानंतर एक नाव इकडचं तिकडे करायचं नाही, अगदी कोणी तुमच्या सेन्सेईंकडून (गुरूंकडून) फोन करवला तरी.

वयासाठी जन्मदाखला किंवा आधारची झेरॉक्स घ्या, वय कुठल्या तारखेला धरणार ते फॉर्मवर छापा. बेल्टसाठी शेवटच्या ग्रेडिंगचं सर्टिफिकेट. दोन-दोन वर्षं मुद्दाम यलो बेल्टवर ठेवलेली मेडलवाली मुलं तुम्हालाही माहिती आहेत आणि मलाही.

अजून एक, सगळ्या क्लासेसची स्टाइल एकच आहे का? नसेल तर काताच्या नावांचा घोळ आधीच मिटवा. शोतोकानवाल्यांचा हेइआन शोदान म्हणजे शितो-रयू आणि वादोवाल्यांचा पिनान निदान. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी नावं बदलताना पहिल्या दोघांचा क्रमही उलटा केला, त्यामुळे पोरगं बरोबर नाव सांगून बरोबर काता करतं आणि दुसऱ्या स्टाइलचा जज म्हणतो हा चुकला. गोजू-रयूच्या मुलांना तर हेइआन नसतोच, त्यांना गेकिसाई द्यावा लागेल. व्हाइट ते ग्रीन बेल्टसाठी कुठल्या स्टाइलला कुठले काता चालतील याची यादी करून जजच्या हातात द्या. आणि सकाळी दहा मिनिटं सगळ्या जजना एकत्र बसवा. शोतोकानचा मुलगा जिथे कोकुत्सु-दाची या पवित्र्यात बसतो तिथे शितो-रयूचा नेको-आशी या दुसऱ्या पवित्र्यात उभा राहतो, ती चूक नाही, तो तसाच शिकलाय, हे तेव्हाच बोलून घ्या. मॅटवर वाद नको.

प्रश्न : सर मी 14 वर्षांची आहे. कातामध्ये माझा बेल्ट सुटला आणि कमरेवरून खाली आला, पूर्ण पडला नाही. मी थांबले नाही पण हरले. सर म्हणाले थांबून बांधायला पाहिजे होता. मग काय करायला पाहिजे होतं? आणि समोरच्या मुलीच्या ड्रेसचा आवाज खूप भारी येत होता, त्याचे मार्क असतात का?
— खारघर

उत्तर : तू थांबली नाहीस ते अगदी बरोबर केलंस. बेल्ट सैल होऊन खाली सरकला तर ती चूक धरतात, मार्क जातात, पण तू बाद होत नाहीस. पूर्ण गळून पडला तर बाद. आणि मध्येच स्पष्ट थांबलीस तरीही बाद, म्हणजे बांधायला थांबली असतीस तर तिथेच संपलं असतं. तुझ्या सरांना हे प्रेमाने सांग, मी सांगितलंय असं नको सांगूस. पुढच्या वेळी मॅटवर जायच्या आधी गाठ ओढून बघ, नवीन बेल्ट कडक असतो तो हमखास सुटतो, घरी दहा-बारा वेळा बांधून सोडून मऊ कर.

ड्रेसच्या आवाजाला मार्क नाहीत. जाड कापडाचा ड्रेस जोरात हात मारला की वाजतो, तो वाजू दे, पण मुद्दाम छातीवर किंवा दंडावर हात आपटून आवाज काढणं, उगाच पाय आपटणं, साप फुसफुसल्यासारखा श्वास सोडणं ही चूक आहे आणि जजने ती धरायची असते. सगळे धरतात असं नाही म्हणणार.

प्रश्न : सर, मागच्या वर्षी ब्लॅक बेल्ट झालो, आता पहिल्यांदा जज म्हणून बसणार आहे. दोन मुलं एकदम काता करत असतील तर नक्की बघायचं काय? मला भीती वाटते की ज्याची किआई (काता करतानाची आरोळी) मोठी त्याला झेंडा जाईल.
— वाशी

उत्तर : भीती वाटतेय म्हणजे अर्धं काम झालं. मी पहिल्या वर्षी तेच केलंय. एका छोट्या मुलाने असा ओरडा काढला की सगळा हॉल वळला आणि माझा हात आपोआप वर गेला, नंतर घरी जाताना ट्रेनमध्ये आठवलं की त्याच्या मागच्या पायाची टाच प्रत्येक झेनकुत्सु-दाचीला (पुढच्या पायावर भार देऊन उभं राहण्याला) उचललेली होती.

एक सवय लावून घे. मोबाइलवर काताचे व्हिडिओ आवाज बंद करून बघ आणि निकाल लिहून ठेव, मग तेच आवाज लावून बघ. निकाल बदलत असेल तर तुला कळेल तुझे कान किती मत देतात. किआईचं काम एवढंच, ती योग्य जागी आली का आणि त्या क्षणी अंगात जोर होता का. हेइआन शोदानमध्ये 21 हालचाली, किआई दोन, तिसऱ्या आगे-उकेला (वरच्या बचावाला) आणि तिसऱ्या ओई-झुकीला (पुढे येत मारलेल्या पंचाला). बाकी घसा कुणाचा किती मोठा ही देवाची देणगी.

दोघं एकदम करत असतील तर आधी पाय बघ. पाय खोटं बोलत नाहीत, हात बोलतात. वळताना डोकं आधी जातं का, नजर जिथे मारायचंय तिथे आहे का, कमर फिरते की फक्त खांदे, टेक्निक संपताना क्षणभर सगळं अंग एकत्र घट्ट होतं का, ज्याला आपण किमे म्हणतो. तुझ्या जवळच्या मुलाकडेच बघत बसशील, सगळ्यांचं होतं, म्हणून दर दोन-तीन हालचालींनी नजर मुद्दाम पलीकडे टाक. एक डगमगणं दिसलं की पुढचा सगळा काता त्याच चष्म्यातून बघायचा नाही, एका चुकीचे मार्क एकदाच कापायचे.

शिट्टी वाजली की झेंडा लगेच वर. अर्धा सेकंद थांबून कोपऱ्यातल्या सिनियरचा हात कुठे जातो ते बघायचा मोह होणार, तुला एकट्यालाच नाही, सगळ्यांनाच होतो. पाच जज असताना 4-1 मधला तो एक तू असलास तरी चालेल. बाऊट झाल्यावर तुला विचारलं की लाल का दिला, तर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, ‘निळ्याचा मागचा पाय तिन्ही वळणांना घसरला’ असं. ‘लाल ओव्हरऑल बरा वाटला’ हे उत्तर नाही.

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे. काता करताना मधेच विसरतो म्हणून मी बाजूने ‘उजवीकडे, उजवीकडे’ असं सांगतो. जज माझ्याकडे रागाने बघतात. यात काय चूक?
— एक आजोबा, नौपाडा

उत्तर : काका, बाहेरून इशारे देणं चालत नाही, आणि त्याचा फटका तुम्हाला नाही, नातवाला बसतो. शिवाय तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर तुमचं उजवं त्याचं डावं असतं, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्याचा नंबर असेल तेव्हा तुम्ही जिन्याजवळ पाण्याची बाटली घेऊन उभे राहा. आणि काता होईपर्यंत त्याला वडापाव देऊ नका.