मुरूम लागेल तिथं शहर

प्रश्न : बाई, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. मोठी शहरं नदीकाठी वसतात असं पुस्तकात असतं. आमच्याकडे नदी आहे, जमीन काळीशार आहे, तरी गाव दोनशे उंबऱ्यांपुढे गेलं नाही. अकोला, अमरावती मात्र वाढत गेली. असं का? आणि घराच्या भिंतीला दर उन्हाळ्यात भेग पडते, तिचाही याच्याशी काही संबंध?
— एक शेतकरी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, नदीकाठचं ते वाक्य मी तुमच्या शेजारच्या तालुक्यात 31 वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि शाळेच्या खिडकीतून रोज त्याच्या उलट दिसत होतं. नदी लागतेच. पण शहर नदीवर उभं राहत नाही, जमिनीवर राहतं. आणि आपली जमीन कापसाला जितकी चांगली, तितकीच वस्तीला वाईट.

लग्न होऊन मी या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या विहिरींच्या मुलखात, आले तेव्हा सासरच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ काही केल्या शिजेना. साबणाला फेस नाही. पाहुणा चहाचा घोट घेऊन कपाकडे बघत राहायचा. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. सासूबाई म्हणाल्या, "पान्याचा गुन हाय पोरी, तुह्या हाताचा नाही." प्यायचं पाणी नदीच्या रेतीत झिरा उकरून वाटी-वाटीनं भरायचं. अशा पाण्यावर दोनशे घरं तग धरतात, वीस हजार नाही.

याचं मूळ खोल आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधली जमीन खचलेली. त्या खळग्यात पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. पाणी या गाळातलं, म्हणून खारट. विदर्भात इतरत्र चार-सहा हात खणलं की मुरूम लागतो. आपल्याकडे खणत जा, मातीच माती. रस्त्याला गिट्टी हवी, मुरूम हवा, तर तो लांबून आणा. पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. माझ्या थोरल्याच्या वेळी गाडी निघालीच नाही. चौघांनी मला बाजेवर घालून पक्क्या सडकेपर्यंत नेलं.

जुन्या लोकांना हे कळत होतं. शेताला ते 'काळी' म्हणत आणि गावठाणाला 'पांढरी'. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीवर. तुमच्या गावातली सगळ्यात जुनी घरं कुठे आहेत ते एकदा बघा. बहुतेक उंचवट्यावरच सापडतील.

आता राजधानीचं शहर कुठे होतं? अचलपूरला. इमादशाहीची, म्हणजे वऱ्हाडच्या सुलतानांची, सत्ता तिथून चालायची. सातपुड्याचा पायथा, डोंगरातून येणारं गोडं पाणी, पाठीशी गाविलगडासारखा किल्ला. जागा अशी, की मी राजा असते तर मीही तीच निवडली असती. (चिखलदऱ्याला जाताना अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्यात थांबून चहा घ्या. डाळ-पाण्याचा फरक चहातही कळतो.)

पण मुंबईहून रेल्वे आली ती पूर्णेच्या दक्षिणेकडून. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत 1867 मध्ये ती नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची चटक लागली होतीच. ज्याच्या दारात स्टेशन, त्याच्याकडे बाजार, जिनिंग, वखारी. अचलपूर बाजूला पडलं. पुढे मूर्तिजापूरहून तिथवर शकुंतला नावाची आगगाडी गेली, अरुंद रुळांची. मी तिच्यातून गेले आहे. उतरून पाय मोकळे करून परत चढता यायचं. आता रुळांत गवत आहे.

अमरावती मुख्य मार्गावर नाही हे खरं, पण बडनेरा हाकेच्या अंतरावर. शिवाय पूर्वेला पोहऱ्याचे डोंगर, पायाखाली खडक, आणि त्या उतारावर वडाळीसारखे तलाव बांधता आले. अकोल्याचं मात्र मला नेहमी नवल वाटतं. तेही आपल्याच पट्ट्यात, पाणी तसंच. पण रेल्वेनं पैसा आणला, आणि पैशानं महानच्या धरणातून पाणी आणलं. अमरावतीलाही आज सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचंच पाणी येतं. म्हणजे शहर एकदा मोठं झालं की भूगोल नळातून मागवता येतो. गावाला ते जमत नाही.

वर्ध्याचं तर नावच फसवं. शहराला नाव नदीचं, पण नदी तिथून कितीतरी लांब, पुलगावकडे. 1866 मध्ये पालकवाडीच्या जागेवर ते आखून वसवलं, रेल्वे येणार म्हणून. नदीकाठी असतं तर पुस्तकाला बरं वाटलं असतं.

आता तुमची भेग. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया त्याच थरात असेल तर भिंतही तिच्याबरोबर खालीवर होते. भेगेत सिमेंट भरून उपयोग नाही, पुढच्या वैशाखात ते पुन्हा निघेल. आधी घराभोवतीचं पाणी पायापाशी मुरू देऊ नका. मोरीचं पाणी आणि पागोळ्या लांब काढा. आणि नवी खोली काढणार असाल तर साध्या पायावर भागवू नका, काळ्या मातीत खोल खांब घेऊन काम केलेला मिस्त्री शोधा. तो कदाचित अकोल्याहून आणावा लागेल.