सांगली जिल्ह्यातील आमच्या गावात सरसकट रॅपिड अँटिजेन तपासणी झाली. पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक जण कोरोनाबाधित मानावा का?

नाही; साथ ओसरलेली असताना लक्षणे नसलेल्यांचीही सरसकट तपासणी केली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बरेच जण प्रत्यक्षात निरोगी असू शकतात. कारण साध्या गणितात आहे: समजा, १००० ग्रामस्थांत १० बाधित आहेत आणि चाचणी ८० टक्के बाधितांना अचूक ओळखते, तर ९८ टक्के निरोगी व्यक्तींना निगेटिव्ह ठरवते, मग ८ बाधित सापडतील, पण त्यांच्यासोबत सुमारे २० निरोगी माणसेही पॉझिटिव्ह ठरून विनाकारण विलगीकरणात जातील, आणि हातावर पोट असलेल्या घरासाठी ही गोष्ट मुळीच किरकोळ नाही. साथ ऐन भरात असताना मात्र बाधितांचे प्रमाणच मोठे असल्याने पॉझिटिव्ह निष्कर्ष बहुधा खरा असतो. लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्येच सांगितल्याप्रमाणे आरटी-पीसीआर ही प्रयोगशाळेतील अधिक अचूक चाचणी करून घ्यावी.