मशाल घेऊन धावलेल्यांच्या क्लबला अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्यात पूर्वी क्रीडाज्योत आणि शिवज्योत घेऊन धावलेल्या जुन्या मंडळींनी एक क्लब काढलाय, ते दरवर्षी खेळाडूंचे सत्कार करतात, आणि आता तुम्हालाही त्यात यायचा निरोप आलाय. आयुष्यात कधीतरी पाच-दहा मिनिटं मशाल हातात धरलेल्यांनी असा क्लब चालवण्यात काय अर्थ, परदेशात तरी असं काही असतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी अशाच एका मंडळात गेली एकोणीस वर्षं आहे, म्हणून लिहितो. आमचं मंडळ कराडच्या बाजूचं. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. अकरा माणसं, एक वही आणि एक कंदील, एवढाच पसारा. कंदिलाचं आधी सांगतो, कारण त्याच्यापासूनच सगळं सुरू झालं.

1983 च्या मे महिन्यात आम्ही सतरा पोरं पन्हाळ्याहून शिवज्योत आणायला गेलो होतो. तेव्हा आमच्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाखात असायची. संध्याकाळी गडावर ज्योत पेटवली आणि रात्रभर पळत कराड गाठायचं ठरलं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. एका दमात अर्धा-पाऊण किलोमीटर पळायचं, ज्योत पुढच्याच्या हातात द्यायची, मागून येणाऱ्या टेम्पोत चढायचं आणि पुन्हा पाळी आली की उतरायचं. एकेकाच्या वाट्याला रात्रीतून सात-आठ पाळ्या आल्या. बरीचशी पोरं अनवाणी.

ज्यानं मशाल घेऊन पळून बघितलेलं नाही, त्याला ती फक्त फोटोत दिसते तशी वाटते. आमची मशाल म्हणजे लोखंडी नळी आणि तिच्या तोंडाला तारेनं आवळलेला कापडाचा बोळा. पाळी बदलताना टेम्पोतला पोरगा बोळ्यावर तेल सोडायचा. जास्त झालं की ते नळीवरून ओघळत मनगटावर यायचं. माझ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा डाग अजून आहे. मशाल सरळ पुढं धरली तर आपल्याच पळण्याच्या वाऱ्यानं ज्वाळा तोंडाकडं येते, डोक्यावर धरली तर ठिणग्या केसात. ती खांद्याच्या बाहेर, जरा तिरकी धरायची असते. पाचशे मीटरनंतर हात भरून येतो, पण मशाल खाली करायची नाही आणि जमिनीला तर टेकवायचीच नाही, असा दंडक होता.

किणीच्या पुढं रात्री कधीतरी समोरून एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या झोतात ज्योत विझली. ती माझ्या हातात होती. मी रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिलो, हातात धुरकटलेला बोळा. टेम्पोतून आमच्या गल्लीतले आबा उतरले. त्यांनी गडावरच, कुणाला न सांगता, त्याच ज्योतीवर एक कंदील पेटवून टेम्पोत पायाशी ठेवला होता. त्यांनी काच वर केली, कागदाची सुरळी पेटवली, बोळ्याला लावली आणि म्हणाले, "ही तीच हाय. पळ."

पुढं किती तरी वर्षांनी वाचलं की ऑलिंपिकच्या मशालीबरोबरही असंच असतं. ग्रीसमधल्या ऑलिंपियात आरशानं सूर्यकिरण एकवटून पेटवलेली ज्योत खाणकामगारांच्या दिव्यासारख्या बंद दिव्यांतही जपून ठेवतात. 1976 मध्ये माँट्रियलला पावसानं स्टेडियममधली ज्योत विझली. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं खिशातल्या लायटरनं ती पेटवून टाकली. आयोजकांना कळल्यावर त्यांनी ती मुद्दाम विझवली आणि राखून ठेवलेल्या मूळ ज्योतीवरून पुन्हा पेटवली. हे वाचताना मला आबांचा कंदीलच डोळ्यांसमोर आला. दिसायला दोन्ही ज्वाळा सारख्याच असतात. पण कुठून आली, हे त्या धावणाऱ्याला माहीत असतं.

आता परदेशाचं. ऑलिंपिकमध्ये ज्योत आली ती 1928 ला ॲमस्टरडॅममध्ये. ऑलिंपियाहून धावत मशाल नेण्याची प्रथा 1936 च्या बर्लिनची, तिथले एक प्रमुख आयोजक कार्ल डीम यांच्या डोक्यातून निघालेली, आणि नाझींनी तिचा स्वतःच्या मिरवणुकीसाठी पुरेपूर वापर करून घेतला. हा उगम लपवायचं कारण नाही. पण महायुद्धानंतर 1948 ला लंडनसाठी ऑलिंपियाहून जो पहिला धावक निघाला, तो सैनिक होता. त्यानं आधी शस्त्र खाली ठेवलं, गणवेश उतरवला आणि मग मशाल घेतली. प्रथा तीच, पण वळण बदललं. मला हे फार मोलाचं वाटतं.

1964 च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत आपल्याकडं दिल्ली आणि कोलकात्यातूनही गेली. जपानमध्ये मशालवाले आणि त्यांच्यासोबत धावणारे मिळून एक लाखावर माणसं होती. शेवटी ज्योत पेटवली योशिनोरी साकाई या एकोणीस वर्षांच्या पोरानं. तो 6 ऑगस्ट 1945 ला, हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात जन्मलेला. तो धावपटू होता, पण ऑलिंपिकच्या शर्यतीत त्याला कधीच उतरता आलं नाही. 2012 ला लंडनच्या वेळी आठ हजार जण धावले. एकेकाच्या वाट्याला तीनशे मीटरच्या आसपास. त्यांतले बरेचसे खेळाडू नव्हतेच. कुणी शिक्षक, कुणी परिचारिका, कुणी आजारातून उठलेला. मशालीच्या पत्र्याला आठ हजार भोकं होती, म्हणजे धावणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं एक. ज्या गावांतून अशी मशाल गेली तिथं ही माणसं पुढं एकमेकांना शोधत येतात, मेळावे घेतात, यात नवल काही नाही.

पण ते खेळाडूंचे सत्कार का करतात, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला आमच्याच मातीत मिळालं.

कराडला खेटून गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कुस्तीचं ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथं जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या मिरवणुकीच्या गोष्टी सांगत. कुणाची बैलजोडी पुढं होती, इथपर्यंत.

मिरवणूक संपली. पुढं ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले, नोकरी केली, निवृत्त झाले. देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 1996 उजाडलं, टेनिसपटू लिअँडर पेसचं. मधली चव्वेचाळीस वर्षं असं पदक असलेला हा देशातला एकमेव माणूस होता, आणि तरी त्यांची आठवण कुणाला कितपत होती, हे आमच्या भागातल्या लोकांना विचारा. 1982 च्या दिल्ली एशियाडला त्यांना ज्योत घेऊन धावायला बोलावलं. वय 56. हेलसिंकीनंतर बरोबर तीस वर्षांनी. दोन वर्षांत, ऑगस्ट 1984 मध्ये, रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर.

आम्ही पन्हाळ्याहून पळालो ते त्या एशियाडनंतरच्याच उन्हाळ्यात. गोळेश्वरच्या पैलवानांनी दिल्लीत ज्योत धरली, ही बातमी आमच्या गल्लीत ताजी होती. आम्हा पोरांना त्यांचं पदक फार लांबचं वाटायचं, पण ज्योत कळायची. ती आपणही धरू शकतो, असं वाटायचं. आणि ते गेले तेव्हा आमच्यातल्या एकानं जे म्हटलं, ते मी विसरलेलो नाही: "तीस वर्षं थांबावं लागलं त्यांना."

आमचं मंडळ त्याच्या खूप नंतर, 2007 ला जमलं. सतरापैकी काही मुंबईला गेले होते, दोघं हयात नव्हते. आबाही गेले होते. त्यांच्या सुनेनं माळा साफ करताना तो कंदील सापडला म्हणून आम्हाला बोलावलं. काच तडकलेली, बाकी धड होता. तिथं ओसरीवर बसल्या बसल्या ठरलं की वर्षातून एकदा जमायचं, आणि नुसतं चहा पिऊन उठायचं नाही. तालुक्यातला जो कोणी खेळाडू काही करून दाखवेल त्याच्या घरी जायचं. त्याला तीस वर्षं थांबायला लावायचं नाही.

आमची वही म्हणजे साधी दोनशे पानी. शाळेचे क्रीडाशिक्षक, तालमीचे वस्ताद, एसटीचा कंडक्टर, ज्याच्याकडून कळेल त्याच्याकडून नाव घ्यायचं, खेळ लिहायचा, स्पर्धा लिहायची, गावाचं नाव लिहायचं. जिल्हा, विभाग, राज्य, कुठलीही पातळी असो. 15 जानेवारीला, खाशाबांच्या जन्मदिवशी, निघायचं. (आता राज्य सरकारही तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं, याचा आम्हाला फार आनंद झाला.) गावाच्या वेशीवर त्याच कंदिलावरून मशाल पेटवायची, त्या खेळाडूच्या हातात द्यायची, आणि आम्ही त्याच्या मागून त्याच्या दारापर्यंत चालत जायचं. आता आमची पळायची वयं नाहीत. दारात आई किंवा आजी ओवाळते. मग आत बसून त्याचं ऐकायचं.

तीन वर्षांमागं एका ऊसतोड कुटुंबातल्या पोरीकडं गेलो. शालेय स्पर्धांत तीन हजार मीटरला विभागात दुसरी आलेली. कारखान्याच्या हंगामात आईबाप कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, पोरगी आजीपाशी. आम्ही प्रमाणपत्र बघायला मागितलं. आजीनं पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कार्डाच्या आत घडी न पडू देता ठेवलेलं ते प्रमाणपत्र तिनं दोन्ही हातांनी बाहेर काढलं. वाचता येत नव्हतं, पण कुठली बाजू वर हे तिला पक्कं माहीत होतं. आम्ही बूट नेले होते. पोरगी म्हणाली, एक नंबर मोठे आणा, दोन वर्षं चालतील. आम्ही बदलून आणले, आणि दोन वर्षांनी पुन्हा नेले.

तुम्ही म्हणाल, हे कुणीही करू शकतं, त्यासाठी मशाल कशाला धरलेली हवी? मला वाटतं हवी. सत्कार करणारा माणूस जेव्हा स्वतः मोठा असतो, तेव्हा कार्यक्रम त्याचा होतो. व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या रांगा, पोरं उन्हात ताटकळलेली, शाल घालताना नजर कॅमेऱ्याकडं. असले सत्कार मी खूप पाहिलेत आणि त्यांची मला मनापासून चीड आहे. मशालवाला काही जिंकलेला नसतो. ज्योत त्यानं पेटवलेली नसते आणि शेवटी पोचवणाराही बहुतेक वेळा दुसराच असतो. त्याला फक्त मधला तुकडा माहीत असतो: कुणीतरी हातात दिलं, आपण विझू न देता पुढं दिलं. दुसऱ्याच्या कर्तृत्वाशेजारी उभं राहायला एवढं पुरतं. कुणाच्या दारात आम्ही उभे राहिलो की त्या घराला दडपण येत नाही, कारण आम्ही त्यांच्यासारखेच.

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये नेमबाजीचं ब्राँझ जिंकलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी. त्या संध्याकाळी कुणी कुणाला फोन न करता आमच्यातले सात जण कंदील असलेल्या घरी येऊन थांबले होते. पाऊस होता, म्हणून मशाल नाही पेटवली. कंदील पेटवून ओसरीवर ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत हेलसिंकीचं आणि पॅरिसचं बोलत बसलो. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी एकटा नव्हतो.

तेव्हा तुम्ही जा, असंच मी सांगेन. पण पहिल्याच बैठकीला दोन गोष्टी विचारून घ्या. सत्कार व्यासपीठावर करताय की खेळाडूच्या घरी? आणि वही आहे का? बॅनरचा खर्च वहीपेक्षा जास्त असेल तर तो क्लब वेगळ्या कामासाठी आहे. वही नसेल तर तुम्ही स्वतः एक घेऊन जा आणि पहिलं नाव तुमच्या गल्लीतलंच लिहा. नक्की कुणीतरी असणार, कबड्डीत जिल्ह्याला खेळलेली एखादी बाई असेल, आता पोळ्या लाटत असेल. आमच्या वहीत अशा सहा जणी आहेत. त्यांच्यातल्या एकीनं मशाल हातात घेतल्यावर पहिल्यांदा चपला काढून ठेवल्या.